प्रस्तावना : अखिल आशियाई बिनतारी स्पर्धा, तिचे नियम आणि त्यांचे प्रयोजन

दरवर्षी जून महिन्याच्या तिसऱ्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्स संकेतांनी आणि सप्टेंबरच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी मानवी वाणीने, अशी वर्षातून दोन वेळा जी अठ्ठेचाळीस तासांची बिनतारी स्पर्धा भरते, जिचे यजमानपद जपानच्या हौशी रेडिओ संघाकडे आहे आणि जिला जगभरचे संचालक 'ऑल एशियन डीएक्स कॉन्टेस्ट' या नावाने ओळखतात, त्या स्पर्धेचे नियम आणि त्या नियमांमागचे प्रयोजन मराठी वाचकांस समजावून देणारे हे पुस्तक आहे. विषय वरवर पाहता फार लहान, मूठभर तज्ज्ञांच्या कुतूहलापुरता मर्यादित, असा वाटण्याचा संभव आहे. परंतु कोणत्याही स्पर्धेची नियमावली म्हणजे तिच्या कर्त्यांनी कोणत्या गोष्टीला किती मोल द्यावयाचे ठरवले त्याचा लेखी दाखला असतो, आणि तो दाखला नीट वाचता आला तर त्या विद्येचा इतिहास, तिला बांधून ठेवणारे निसर्गनियम आणि ती जोपासणाऱ्या माणसांची मनोवृत्ती या तिन्हींचे दर्शन एकाच वेळी घडते, असे माझे मत आहे. प्रस्तुत पुस्तकाच्या हस्तलिखिताने ते मत दृढ झाले, म्हणूनच ही प्रस्तावना लिहिण्याचे काम मी आनंदाने पत्करले.

ज्यांचा या क्षेत्राशी मुळीच परिचय नाही त्यांच्यासाठी आरंभी थोडा खुलासा अवश्य आहे. सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळवलेल्या परवान्याच्या आधारे, द्रव्यलाभाची अपेक्षा न धरता, स्वतःच्या घरातील बिनतारी यंत्रावरून जगातील इतर परवानाधारकांशी संपर्क साधणारा जो मनुष्य, त्यास हौशी रेडिओ संचालक किंवा रूढ बोलीत 'हॅम' म्हणतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या विनियमांत या सेवेची जी व्याख्या आहे तिच्यात आत्मशिक्षण, परस्परसंवाद आणि तांत्रिक अन्वेषण ही तीन प्रयोजने नमूद असून आर्थिक हितसंबंध तिला सर्वस्वी वर्ज्य आहे. आपल्याकडे ही परीक्षा आणि हा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याच्या अखत्यारीत येतो; परवान्याबरोबर प्रत्येकास एक स्वतंत्र कॉलसाइन मिळते, आणि भारतीय कॉलसाइनच्या आरंभी बहुधा 'व्हीयू' ही अक्षरे असतात. स्पर्धेत घडते ते इतकेच, की एक संचालक 'सीक्यू' अशी सर्वांस उद्देशून हाक घालतो, दुसरा आपले कॉलसाइन सांगून तिला उत्तर देतो, दोघेही परस्परांच्या ध्वनीची प्रत आणि नियमाने ठरवून दिलेला एक लहानसा मजकूर एकमेकांस कळवतात, तो आपापल्या लॉगमध्ये उतरवून घेतात, आणि सरावलेल्या संचालकांच्या बाबतीत हा सारा व्यवहार अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपून दोघे नव्या हाकेकडे वळतात. अशा संपर्कांच्या गुणांची बेरीज एका गुणकाने गुणली की स्पर्धकाचे फळ निघते. परंतु मजकूर कोणता, गुण कोणास किती आणि गुणक कशाचा, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत स्पर्धांचा सगळा स्वभावभेद साठवलेला आहे.

या स्पर्धांचा उगम करमणुकीत नव्हे तर एका शंकेत आहे. १९२० च्या सुमारास सरकारांनी आणि मोठ्या व्यापारी मंडळ्यांनी लांब लहरी स्वतःकडे ठेवल्या होत्या आणि २०० मीटरांखालच्या, निरुपयोगी समजल्या गेलेल्या लहरी हौशी लोकांच्या पदरात टाकल्या होत्या; त्या लहरींवरून समुद्र ओलांडता येईल काय, ही ती शंका. १९१४ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अमेरिकन रेडिओ रिले लीगने पॉल गॉडली या तज्ज्ञास स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन येथे धाडले, आणि १९२१ च्या डिसेंबरात त्याने तेथे तंबू ठोकून अमेरिकन हौशी केंद्रांचे संकेत स्वतःच्या कानांनी टिपले. पुढे १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीस येथील लेऑं देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरून प्रत्यक्ष संभाषण झाले, आणि ज्या लहरी टाकाऊ म्हणून दिल्या होत्या त्याच जगास कवेत घेणाऱ्या ठरल्या. वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युद्भारित पट्टे या लहरींना परावर्तित करून पृथ्वीवर दूर अंतरावर पुन्हा उतरवतात हे नंतर सिद्ध झाले, आणि त्या संशोधनाबद्दल एडवर्ड ॲपल्टन यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु शास्त्रज्ञांच्या सिद्धांताला हौशी संचालकांच्या रात्री-अपरात्रीच्या जागरणाने आधी पुरावा पुरवला, ही गोष्ट विसरता येत नाही. ठराविक मुदतीत, ठराविक रीतीने, शेकडो केंद्रांनी एकाच वेळी प्रयत्न करावयाचा आणि कोणाचे कोठे पोहोचले याची नोंद एका दप्तरात गोळा करावयाची, ही पद्धत या अटलांटिकपार चाचण्यांतून रूढ झाली. आणि १९२७ साली याच लीगने भरवलेल्या आंतरराष्ट्रीय रिले मेळाव्यात तिला स्पर्धेचे रूप आले.

तेव्हापासून आजपर्यंत ज्या स्पर्धा निर्माण झाल्या त्यांचे काही संप्रदाय सहज दिसून येतात. सर्वांत जुना संप्रदाय संदेशवहनाचा. १९३० साली सुरू झालेल्या अमेरिकन 'स्वीपस्टेक्स' स्पर्धेत जो मजकूर द्यावा लागतो तो तारेच्या शीर्षकासारखा आहे: अनुक्रमांक, वर्ग, कॉलसाइन, परवाना प्रथम मिळाल्या सालाचे शेवटचे दोन आकडे आणि विभाग. जर्मन हौशी संघाच्या युरोपीय स्पर्धेत तर या कल्पनेचा कळस झाला आहे, कारण तेथे युरोपाबाहेरचा संचालक आपण आधी केलेल्या संपर्कांचे तपशील 'क्यूटीसी' या नावाने युरोपीय केंद्रास लिहून घ्यावयास लावतो, आणि त्या प्रत्येक ओळीस स्वतंत्र गुण असतो. दुसरा संप्रदाय भूगोलाचा. १९४८ पासून 'सीक्यू' या अमेरिकन नियतकालिकाने चालवलेल्या जागतिक स्पर्धेत पृथ्वीचे ४० विभाग पाडले असून भारत त्यांपैकी २२ व्या विभागात मोडतो. तिसरा संप्रदाय आपत्काळाच्या तालमीचा: १९३३ पासून अमेरिकेत भरणारा 'फील्ड डे' हा त्याचा नमुना, ज्यात घर सोडून माळावर, बॅटरीवर किंवा जनित्रावर, हातानेच उभारलेल्या एरियलवर काम करावयाचे असते. चौथा संप्रदाय अतिलघु लहरींचा आणि चौकोनांचा. १९८० साली इंग्लंडातील मेडनहेड येथे ठरलेल्या पद्धतीने साऱ्या पृथ्वीचे अक्षांश-रेखांशांनुसार चौकोन पाडले गेले, आणि त्यामुळे एकोणिसाव्या अक्षांशाने मुंबई शहर असे दुभंगले, की कुलाब्याचा संचालक 'एमके ६८' या चौकोनात तर अंधेरीचा 'एमके ६९' मध्ये गणला जातो. आणि पाचवा संप्रदाय, ज्यात या पुस्तकाचा विषय येतो, तो एका प्रदेशाने उर्वरित जगास निमंत्रण देण्याचा. एखाद्या अमेरिकन राज्यातील परगणे गोळा करावयास लावणाऱ्या लहान मेळाव्यांपासून ते अखिल युरोप, अखिल ओशनिया आणि अखिल आशिया यांच्या स्पर्धांपर्यंत हा संप्रदाय विस्तारलेला आहे. यांपैकी कोणता श्रेष्ठ हे ठरवण्याचे कारण नाही. तथापि मला स्वतःला हा पाचवा अधिक प्रिय आहे, कारण त्यात यजमान आणि पाहुणा यांचे नाते नियमांतच विणलेले असते.

जपानचा हौशी रेडिओ संघ १९२६ साली स्थापन झाला. महायुद्धाने तेथील हौशी प्रक्षेपण बंद पाडले, युद्धानंतर परकीय अंमलाच्या वर्षांतही जपानी नागरिकांस परवाने मिळाले नाहीत, आणि १९५२ साली ते पुन्हा मिळू लागले. त्यानंतर आठ वर्षांनी, १९६० मध्ये, या संघाने अखिल आशियाई स्पर्धेचा पहिला खेळ मांडला. आपल्या देशाचे नाव न लावता सबंध खंडाचे नाव स्पर्धेस देणे, आणि आशियाई संचालकांचा उत्साह वाढावा व आशिया आणि आशियाबाहेरील केंद्रांत शक्य तितके अधिक संपर्क व्हावेत हे तिचे प्रयोजन ठरवणे, यांत युद्धाने एकाकी पडलेल्या राष्ट्राची जगाशी पुन्हा बोलण्याची जी उत्कंठा होती ती मला स्पष्ट जाणवते. पुढे १९९० च्या दशकात तेथील परवानाधारक केंद्रांची संख्या तेरा लाखांच्या वर गेली आणि जपान हा हौशी रेडिओचा सर्वांत दाट वस्तीचा मुलूख बनला. ती दाटी आता पुष्कळ ओसरली असली, तरी या स्पर्धेच्या दोन दिवसांत पूर्वेकडे एरियल वळवणाऱ्यास तिचा प्रत्यय अजूनही येतो.

आता त्या मजकुराविषयी. बहुतेक स्पर्धांत संचालक परस्परांना अनुक्रमांक किंवा विभाग सांगतात. या स्पर्धेत सांगावयाचे असते ते स्वतःचे वय. ध्वनीच्या प्रतीपाठोपाठ दोन आकडे, आणि ते आकडे म्हणजे बोलणाऱ्याच्या आयुष्याची वर्षे. महिला संचालकांस इच्छा असल्यास वयाच्या जागी '००' पाठवण्याची मुभा आहे. या एका नियमाविषयी मला विस्ताराने लिहावेसे वाटते. ध्वनीच्या प्रतीचा आकडा स्पर्धेच्या घाईत सर्वत्र '५९' असाच, ऐकू येवो न येवो, उच्चारला जातो. तो केवळ उपचार झाला आहे, आणि त्यामुळे संपर्कातील खरी बातमी म्हणून उरतात ती हीच दोन अक्षरे. ती आधी ठाऊक नसतात, संदर्भावरून ताडता येत नाहीत आणि आवाजावरूनही नेहमी ओळखता येत नाहीत. म्हणून ती खरोखर ऐकूनच लिहावी लागतात, आणि एवढ्यापुरती ही स्पर्धा श्रवणाची कसोटी ठरते. परंतु याहून महत्त्वाचे ते निराळे. होक्काइडोमधला ८१ वर्षांचा वृद्ध आणि पुण्यातला १७ वर्षांचा विद्यार्थी एकमेकांचे नाव विचारीत नाहीत, गाव विचारीत नाहीत, त्यांना एकमेकांची भाषा येत नाही. तरीही अर्ध्या मिनिटात दोघांनी परस्परांच्या आयुष्याचे मोजमाप आपापल्या हाताने लिहून ठेवलेले असते. आपल्या समाजात वयाला जो मान आहे, थोरल्याने बोलावे आणि धाकट्याने ऐकावे असा जो दंडक आहे, तो येथे सुटतो असे नाही, पण तो दोन्ही बाजूंनी सारखा होतो, कारण थोरल्यासही धाकट्याचा आकडा तितक्याच काळजीने ऐकावा लागतो. स्पर्धेने पुढे कुमारांसाठी आणि ज्येष्ठांसाठी वेगळे गट केले, ते याच विचाराचे स्वाभाविक फलित आहे. हा नियम ज्यांनी प्रथम लिहिला त्यांना आकडेमोडीपलीकडे माणूस दिसत होता याविषयी मला संशय नाही.

गुणांची रचना याहून रूक्ष दिसते, परंतु तीही तितकीच बोलकी आहे. आशियातील केंद्रास स्वतःच्या देशातील केंद्राशी केलेल्या संपर्कास एकही गुण नाही. आशियातील अन्य देशाशी संपर्क झाला तर ४०, २० आणि १५ मीटरांच्या पट्ट्यांवर १ गुण, ८० मीटरवर २ आणि १६० मीटरवर ३. आशियाबाहेरच्या केंद्राशी झाला तर याच क्रमाने ३, ६ आणि ९. म्हणजे परक्याचे मोल शेजाऱ्याच्या तिप्पट, आणि अवघड पट्ट्याचे मोल सोप्याहून अधिक. गुणक म्हणून आशियाई संचालकास प्रत्येक पट्ट्यावर मिळालेल्या निरनिराळ्या देशांची संख्या धरावयाची, तर आशियाबाहेरच्याने केवळ आशियाशीच संपर्क करावयाचे आणि आशियाई कॉलसाइनांचे निरनिराळे उपसर्ग मोजावयाचे. हा भेद सहेतुक दिसतो. आशियात क्रियाशील हौशी केंद्रे असलेले देश त्या मानाने थोडे. बाहेरच्याने देशच मोजले असते तर दोन-चार तासांत त्याची भूक भागली असती, पण जपानच्या निरनिराळ्या विभागांचे, भारताच्या व्हीयू २ आणि व्हीयू ३ या मालिकांचे, मध्य आशियाच्या आणि आखातातील राज्यांचे उपसर्ग मोजावयाचे म्हटले की शेवटच्या तासापर्यंत त्याला नव्या आवाजाची ओढ राहते.

या रचनेचा संचालकाच्या मनावर काय परिणाम होतो हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, रविवारी संध्याकाळपर्यंत मुंबईच्या एका केंद्राचे ६०० गुण आणि ५० गुणक झाले आहेत. फळ ३०,००० झाले. आता २० मीटरवर आणखी एक जपानी केंद्र मिळाले तर ५० ची भर पडेल. आधीच गुणकात आलेल्या इटलीचे आणखी एक केंद्र मिळाले तर १५० ची. पण त्याच पट्ट्यावर यापूर्वी न मिळालेला, आशियाबाहेरचा नवा देश मिळाला तर ६०३ गुणिले ५१ म्हणजे ३०,७५३, अर्थात ७५३ ची भर. या एका नव्या देशाचे मोल पंधरा जपानी संपर्कांएवढे आहे. मग जपानचा अखंड प्रवाह चालू ठेवायचा, का तो सोडून पट्टा हुडकत एखाद्या क्षीण आफ्रिकी संकेताच्या मागे अर्धा तास घालवायचा, हा निर्णय संचालकास क्षणाक्षणाला करावा लागतो, आणि त्या निर्णयात त्याचे प्रसरणशास्त्राचे ज्ञान, त्याच्या एरियलची मर्यादा आणि त्याचा धीर, सर्वांची परीक्षा होते. नियमाच्या चार ओळींतून असे चातुर्य निर्माण होते.

देश म्हणजे काय, हा प्रश्नही नियमाने सोडवावा लागतो. १९३५ साली क्लिंटन डिसोटो यांनी अमेरिकन लीगच्या मासिकात जी कल्पना मांडली आणि जीवरून पुढे 'डीएक्ससीसी' यादी निघाली, त्या यादीत आज ३४० मुलूख आहेत. तीत भारत एकच नाही, तीन आहेत: मुख्य भूमी, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप. त्यामुळे मुंबईने नागपूरला हाक दिली तर गुण शून्य, पण पोर्ट ब्लेअरला दिली तर तो परदेश ठरून गुणही मिळतो आणि गुणकही. जपानच्याच बेटांपैकी ओगासावारा आशियात धरले जाते आणि मिनामी-तोरिशिमा ओशनियात, जरी दोहोंची कॉलसाइने 'जेडी १' यानेच सुरू होत असली. मराठी वाचकास याहून जवळची गोष्ट गोव्याची: पोर्तुगीज अंमलात 'सीआर ८' हा उपसर्ग असलेला गोवा या यादीत स्वतंत्र मुलूख होता, आणि ३१ डिसेंबर १९६१ पर्यंतचे संपर्कच त्या नावावर ग्राह्य धरून ती नोंद बंद करण्यात आली. मुक्तीनंतर अवघ्या बारा दिवसांत यादीनेही तिचा स्वीकार केला, असे त्या तारखेवरून दिसते.

महाराष्ट्राचा आणि या विद्येचा संबंध जुना आहे. भारतातील पहिले प्रक्षेपण १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने केले, ते आकाशवाणीच्या स्थापनेच्या कितीतरी आधी, आणि ते हौशी मंडळींचे काम होते. १९३९ साली युद्ध सुरू होताच परवाने स्थगित झाले आणि यंत्रे पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम निघाले. तरीही १९४२ च्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून जो गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला त्यामागे हौशी बिनतारीच्या आवडीतून शिकलेले हात होते. स्वातंत्र्यानंतर देशव्यापी हौशी संस्था १९४८ साली महू येथे उभी राहिली आणि १९५४ मध्ये तिला आजचे 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' हे नाव मिळाले.

आणि तरीही या स्पर्धेचे वेळापत्रक आपल्या मुलखास मुळीच सोयीचे नाही. ती जागतिक प्रमाणवेळेच्या शून्य तासास सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला, आणि संपते सोमवारी पहाटे साडेपाचला, नोकरीच्या दिवसाच्या तोंडावर. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कोकणात मृग सरत आलेला असतो, सह्याद्रीवर ढग चढलेले असतात आणि ८० व १६० मीटरांचे पट्टे दूरदूरच्या विजांच्या कडकडाटाने भरून गेलेले असतात; गडगडाट जवळ आला की शहाणा संचालक एरियल यंत्रापासून सोडवून भूमीस जोडतो आणि मोलाचे तास निमूटपणे वाया जाऊ देतो. सप्टेंबरची वाणीस्पर्धा कित्येकदा गणेशोत्सवात पडते; २०२४ साली तर गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला, नेमक्या स्पर्धेच्या पहिल्या दिवशीच, आली होती. शिवाय शहरांत एलईडी दिव्यांच्या आणि सौर इन्व्हर्टरांच्या विद्युत्-कोलाहलाने क्षीण संकेत बुडून जातात, आणि गच्चीवर एक तार ओढावयाची तर गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीपुढे अर्ज घेऊन उभे राहावे लागते. या साऱ्या अडचणींत आपल्याकडचे जे संचालक लॉग पाठवतात त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो, आणि लेखकाने या अडचणींना स्वतंत्र स्थान दिले, परदेशी पुस्तकांत लिहिलेल्या आदर्श परिस्थितीवर समाधान मानले नाही, याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे.

आज या सर्वाचे कारण काय, असा प्रश्न मोबाइल हाती असलेला तरुण विचारील, आणि तो रास्त आहे. त्याचे पहिले उत्तर आपत्तीचे आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या कच्छच्या भूकंपात हौशी संचालकांनी संदेशवहनास हात दिला. २००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचा चमू अंदमानातून जगभरच्या हॅमांशी झपाट्याने संपर्क साधण्यात गुंतला असता २६ तारखेस सुनामी आली, आणि ज्या यंत्रांवरून व ज्या सवयीने ते क्षणापूर्वी दूरदूरची कॉलसाइने उतरवून घेत होते, त्याच यंत्रांवरून आणि त्याच सवयीने बेटांवरचा मदतीचा निरोप त्यांनी मुख्य भूमीस पोहोचवला. गोंगाटात क्षीण आवाज वेगळा काढणे, तो चुकल्यास न संकोचता पुन्हा मागणे, आणि ऐकले तेवढेच, तंतोतंत, लिहिणे, ही तीन कौशल्ये कोणत्याही वर्गात शिकवता येत नाहीत. अठ्ठेचाळीस तासांची स्पर्धा ती अंगात भिनवते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगडातील वीज आणि मोबाइल मनोरे कसे निकामी केले ते ज्यांनी पाहिले त्यांना याची गरज पटवून देण्याचे कारण नाही.

दुसरे उत्तर शास्त्राचे. सूर्यावरील डागांच्या सुमारे ११ वर्षांच्या आवर्तनाबरोबर हे पट्टे उघडतात आणि मिटतात, आणि स्पर्धेच्या दिवशी हजारो केंद्रे एकदम बोलू लागली की आकाशाच्या त्या थरांचे जणू सर्वेक्षणच होते. २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतील खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी संशोधकांनी मुद्दाम अशी एक स्पर्धा योजून तिच्या नोंदींचा अभ्यास केला. तिसरे उत्तर हक्काचे. लहरींचे पट्टे ही जगाची सामाईक मालमत्ता असून, जे पट्टे रिकामे दिसतात त्यांवर दुसऱ्यांचा डोळा असतो, म्हणून ते वापरात ठेवणे हेच त्यांचे रक्षण. मात्र त्याचबरोबर एक मर्यादाही पाळली जाते: १९७९ च्या जागतिक परिषदेत मिळालेल्या ३०, १७ आणि १२ मीटरांच्या पट्ट्यांवर स्पर्धा भरवावयाची नाही, जेणेकरून शांतपणे गप्पा मारू इच्छिणाऱ्यास त्या दोन दिवसांतही जागा राहील. हा स्पर्धकांनी स्वतःवर घालून घेतलेला निर्बंध मला फार भला वाटतो.

अलीकडे एक निराळा विचार पुढे आला आहे. २०१७ साली नोबेल-विजेते जोसेफ टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन फ्रँके यांनी 'एफटी ८' ही संगणकीय पद्धत प्रसिद्ध केली, आणि कानास मुळीच ऐकू न येणारे संकेतही संगणक वाचू लागला. ते मोठेच काम आहे, आणि लहान गच्चीवरच्या, तुटपुंज्या शक्तीच्या केंद्रांस त्याने नवी उमेद दिली. परंतु अखिल आशियाई स्पर्धा अद्याप मोर्स आणि वाणी या दोनच रीतींनी चालते, आणि माझ्या मते ते योग्य आहे. ज्या स्पर्धेत माणसाने माणसास वय सांगावयाचे, तिथे ऐकणारा कान माणसाचाच असावा.

नियमांच्या पालनाविषयी दोन शब्द. स्पर्धेत पंच समोर नसतो. प्रत्येकजण आपल्या खोलीत एकटा असतो, आणि ठरलेल्या शक्तीहून अधिक शक्ती वापरली, किंवा एकट्याच्या गटात नाव देऊन दुसऱ्याचे साहाय्य घेतले, तर पाहणारे कोणी नाही. पूर्वी कागदी लॉग टपालाने जात आणि त्यांची तपासणी कारकुनी चिकाटीने होई. आता ते 'कॅब्रिलो' नावाच्या ठराविक नमुन्यात संगणकावरून जातात, एका केंद्राची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी ताडून पाहिली जाते, आणि चुकीचे उतरवलेले कॉलसाइन किंवा वय तेथे उघडे पडते. तरी यंत्राला दिसत नाही असे पुष्कळ उरतेच, आणि तेथे परवानाधारकाचा शब्द हाच पुरावा. लेखकाने तांत्रिक नियम आणि असे सचोटीचे नियम वेगळे न ठेवता एकत्र मांडले, हे मला या पुस्तकाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. कारण नवशिका पहिले तेवढे पाठ करतो आणि दुसरे अनुभवी माणसाच्या शेजारी बसूनच शिकतो, आणि आपल्याकडे अशी शेजारी बसण्याची संधी थोड्यांनाच मिळते.

पुस्तकाची हद्द वाचकाने ध्यानात घ्यावी. यात प्रक्षेपक कसा बांधावा किंवा परीक्षेत उत्तीर्ण कसे व्हावे हे सांगितलेले नाही. त्यासाठी अन्य साधने आहेत. विक्रमांच्या याद्या आणि विजेत्यांची चरित्रे येथे नाहीत. नियम जसा आहे तसा सांगावयाचा, तो कोणत्या गरजेतून आला असावा याचा शोध घ्यावयाचा, आणि त्यामुळे व्हीयू केंद्राच्या संचालकाने आपले अठ्ठेचाळीस तास कसे वाटून घ्यावेत याचा विचार करावयाचा, एवढाच या लेखनाचा संकल्प आहे, आणि तो त्यांनी निष्ठेने पार पाडला आहे. नियम कालांतराने बदलतात. म्हणून प्रत्यक्ष भाग घेण्यापूर्वी त्या वर्षीची जपानी संघाची नियमावली पाहावी, अशी सूचना लेखकाने जागोजाग दिली आहे, ती वाचकांनी हलक्यात घेऊ नये. कोठे कोठे मी त्यांच्याशी सहमत नाही. महिला संचालकांस दिलेल्या '००' च्या मुभेस ते कालबाह्य मानतात; मला ती ज्याची त्याची इच्छा राखणारी, म्हणून टिकावी अशी वाटते. परंतु मतभेदास जागा राहील इतक्या स्पष्टपणे त्यांनी आपला पक्ष मांडला आहे.

या स्पर्धेत अनेक संचालकांनी मिळून एकाच केंद्रावरून भाग घेण्याचेही गट आहेत. आपल्या जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांपैकी जेथे हौशी रेडिओचे केंद्र आहे, किंवा जेथे ते अर्ज करून मिळवता येईल, तेथील अध्यापकांनी हे पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, परीक्षेस बसण्याची तयारी त्यांच्याकडून पावसाळ्यापूर्वी करून घ्यावी, आणि निदान सप्टेंबरच्या वाणीस्पर्धेत एक लॉग, मग तो वीस संपर्कांचा का असेना, आपल्या महाविद्यालयाच्या कॉलसाइनने पाठवावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.